समाजवाद कोणता, सामाजिक लोकशाही कोणती?

महिन्याच्या अखेरीस हाती पडणाऱ्या वेतनपत्रकात 'व्यवसाय कर' या नावाची एक लहानशी वजावट असते. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाकाठी २,५००. कळमेश्वरच्या शाळेतील शिक्षक असो, नगर परिषदेतील लिपिक असो वा औद्योगिक वसाहतीतील कारखान्याच्या कचेरीत बसणारा हिशेबनीस असो, या वजावटीकडे तो क्वचितच लक्ष देतो. आणि दिले तरी ती कशासाठी, हे त्याला ठाऊक असतेच असे नाही. हा कर महाराष्ट्राने १९७५ च्या कायद्याने बसविला तो रोजगार हमी योजनेसाठी. नियमित वेतन घेणाऱ्या वर्गाने आपल्या मिळकतीतून ठरावीक वाटा द्यावा आणि त्यातून कोरडवाहू शिवारातील मजुराला कामाची हमी मिळावी, असा तो सरळ व्यवहार होता. या व्यवहारात कोणाची जमीन गेली नाही, कोणाचा कारखाना सरकारजमा झाला नाही. तरीही एका वर्गाचे उत्पन्न कायद्याच्या मार्गाने दुसऱ्या वर्गाच्या हक्कात रूपांतरित झाले.

याला समाजवाद म्हणावयाचे काय? आपल्याकडील राजकीय वादविवादात या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'होय' असेच मिळते. म्हणणाऱ्याच्या स्वरात कौतुक आहे की तुच्छता, एवढाच काय तो फरक. स्वस्त धान्य हा समाजवाद, कर्जमाफी हा समाजवाद, तोट्यातील सरकारी गिरणी हा समाजवाद, रोजगार हमी हाही समाजवाद आणि २०२४ पासून बहिणींच्या खात्यावर जमा होऊ लागलेले दरमहा पंधराशे रुपये हादेखील समाजवादच! एक शब्द इतक्या गोष्टींचा भार वाहू लागला की तो कोणत्याच गोष्टीचा अर्थ सांगेनासा होतो. हा केवळ शब्दकोशाचा प्रश्न असता तर तो भाषापंडितांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु या गल्लतीमुळे एका धोरणाच्या अपयशाची शिक्षा दुसऱ्या धोरणाला भोगावी लागते आणि ती शिक्षा शेवटी मजुराच्या, शिक्षकाच्या आणि विद्यार्थ्याच्या पदरी पडते. म्हणून ती उकलणे अगत्याचे आहे.

मूळ भेद सोपा आहे. समाजवादाचा पहिला प्रश्न मालकीचा असतो: जमीन, खाण, कारखाना, पेढी ही उत्पादनाची साधने कोणाची? ती खाजगी हातांत राहिली तर श्रमाचे फळ मालकाकडेच जाणार, म्हणून ती समाजाच्या मालकीची व्हावीत, असे त्याचे उत्तर. सामाजिक लोकशाही ही वाट धरीत नाही. मालकी खाजगी राहो, बाजारही राहो; परंतु निर्माण झालेल्या संपत्तीतून कराच्या रूपाने पुरेसा भाग घेऊन शिक्षण, आरोग्य, काम आणि वार्धक्याची तरतूद या गोष्टी प्रत्येक नागरिकाचा हक्क म्हणून उभ्या कराव्यात आणि कामगाराला संघटनेचे बळ द्यावे, असे तिचे म्हणणे. समाजवाद मालकीचा दस्तऐवज तपासतो, तर सामाजिक लोकशाही कराची पावती आणि हक्काचा कायदा तपासते.

मराठीत या विषयाला आणखी दोन अडथळे आहेत. 'लोकशाही समाजवाद' हा शब्दप्रयोग एस. एम. जोशी, ना. ग. गोरे यांच्या पिढीने रूढ केला. त्यात लोकशाही हे साधन आणि सामाजिक मालकी हे साध्य होते. बंदुकीऐवजी मतपेटी, एवढाच साम्यवादाशी त्याचा भेद नसला तरी मालकीबदलाचे ध्येय त्याने सोडलेले नव्हते. दुसरा शब्द 'सामाजिक लोकशाही' हाच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील भाषणात तो वापरला तो स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही जीवनतत्त्वे मानणारी समाजव्यवस्था या व्यापक अर्थाने. युरोपातील पक्षांच्या आर्थिक कार्यक्रमासाठी तोच शब्द आपण वापरतो तेव्हा हा दुसरा, मर्यादित अर्थ आहे याचे भान ठेवावयास हवे. दोन्ही अर्थ परस्परविरोधी नाहीत. पण जाती मोडल्याविना केवळ करवसुलीने बाबासाहेबांची सामाजिक लोकशाही अवतरेल, असा भ्रम कोणी बाळगू नये.

युरोपातही या दोन विचारांची फारकत एका दिवसात झाली नाही. लेनिनचा पक्षसुद्धा १९१८ पर्यंत 'सोशल डेमोक्रॅटिक' हेच नाव लावीत होता. जर्मनीत एडुआर्ड बर्नस्टाईनने १८९९ साली, भांडवलशाही कोसळण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा मताधिकार, कामगार संघटना आणि कायदे यांच्या बळावर कामगारांचे जीवन आजच सुधारावे, असे प्रतिपादन केले, तेव्हा त्याच्याच पक्षाने त्याला धारेवर धरले. तोच जर्मन पक्ष साठ वर्षांनी, नोव्हेंबर १९५९ मध्ये, बाड गोडेसबर्ग येथे भरला आणि सर्व उत्पादनसाधनांच्या सामाजिकीकरणाचा आग्रह सोडून त्याने बाजार व खाजगी मालकी मान्य केली.

त्याच वर्षी, त्यापूर्वी दहा महिने, नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. जानेवारी १९५९ च्या 'नागपूर ठरावा'ने देशापुढे जे चित्र मांडले ते नेमके उलट दिशेचे. जमीनधारणेवर कमाल मर्यादा घालावी आणि शेतीचे भावी स्वरूप सामुदायिक सहकारी शेतीचे असावे, असा तो ठराव होता. कागदोपत्री मालकी शेतकऱ्याचीच राहणार होती, पण कसणे सामाईक. चौधरी चरणसिंगांनी त्याला कडाडून विरोध केला आणि त्याच वर्षी ठरावाला शह देण्यासाठी राजाजी, रंगा प्रभृतींनी स्वतंत्र पक्ष काढला. कमाल धारणेचा कायदा महाराष्ट्रात १९६१ मध्ये आला. सामुदायिक शेती मात्र ठरावातच राहिली. ज्या शेतकऱ्याला पिढ्यानपिढ्यांनंतर सातबाऱ्यावर आपले नाव पाहावयास मिळाले होते, तो बांध मोडावयास तयार नव्हता. बांध न मोडताही त्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या मजुरासाठी काही करता येईल काय, हा प्रश्न त्या गदारोळात बाजूला पडला.

पुढे महाराष्ट्राने दोन्ही वाटा चोखाळून पाहिल्या आणि त्याही एकाच दशकात, एकाच मुख्यमंत्र्याच्या कारकिर्दीत. वसंतराव नाईक विदर्भाचे. त्यांच्या काळात १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या भीषण दुष्काळात रोजगार हमी योजनेने आकार घेतला. विदर्भातील वाचकाला समाजवाद आणि सामाजिक लोकशाही यांतील भेद समजून घेण्यासाठी स्टॉकहोमला जावयाचे कारण नाही. तो त्याच्या गावच्या संकलन केंद्रात आणि गावाबाहेरच्या पाझर तलावावर लिहिलेला आहे.

एकाधिकार योजना ही व्यापारापुरती का होईना, समाजवादी योजना होती. कापसाच्या खरेदीतून खाजगी व्यापारी हटविला गेला. राज्य हाच एकमेव खरेदीदार झाला. हमीभाव आधी आणि कापूस विकल्यानंतर नफा झाल्यास त्यातला वाटा नंतर, अशी रचना होती. तिचा हेतू शुद्ध होता, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य केले पाहिजे. काट्यात मारणारा, ओल दाखवून भाव पाडणारा, दिवाळीपूर्वी उचल देऊन पीक बांधून घेणारा अडत्या ज्यांनी पाहिला, त्यांना सरकारी काट्याचे मोल ठाऊक आहे. परंतु मक्तेदारी राज्याची असली तरी ती मक्तेदारीच. चुकारे रखडू लागले, प्रतवारीच्या टेबलाशी नवा मध्यस्थ उभा राहिला आणि राज्याची सीमा हीच बाजारपेठेची सीमा ठरल्याने विपरीत खेळ सुरू झाला. बाहेर भाव चढे असले की रातोरात कापूस शेजारच्या राज्यात जाई आणि बाहेर भाव पडले की तिकडचा कापूस आपल्या केंद्रांवर येई. कळमेश्वर, काटोल, सावनेरच्या पट्ट्याला मध्य प्रदेशची हद्द जवळ. तेथे हे समजावून सांगण्याची गरज नाही. नफ्याच्या वर्षी माल हातचा जाणार आणि तोट्याच्या वर्षी दुसऱ्याचाही माल गळ्यात पडणार, अशी योजना कोणत्या तिजोरीला परवडेल? तोटा साचत गेला आणि २००२ च्या सुमारास खाजगी खरेदीला मुभा देऊन एकाधिकार मोडला गेला.

रोजगार हमीची जातकुळी वेगळी. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे तिचा लहान प्रयोग केला. दुष्काळाच्या अनुभवानंतर ती राज्यभर पसरली, १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला अंगमेहनतीचे काम मिळेल, ठरावीक मुदतीत न मिळाल्यास भत्ता मिळेल, ही त्यातील हमी. निधीसाठी व्यवसाय कर, विक्रीकर व मोटार वाहन करावरील अधिभार, ओलिताच्या जमिनीवरील जादा आकार असे कर बसविण्यात आले आणि जमेल तितकीच भर राज्याने घालावयाची, असे ठरले. शहरातील पगारदार आणि गावातील बागायतदार यांनी कोरडवाहू मजुरासाठी द्यावयाचा हा वाटा होता. १९९० पासून याच योजनेच्या आधाराने फळबाग लागवड झाली. बाग खाजगी, मजुरी सार्वजनिक निधीतून. त्यात जमीनवाल्याचाही लाभ झाला, ही टीका खरी आहे. पण मालकीला हात न लावता हक्क निर्माण करता येतो, हे त्यातून दिसून आले. पुढे केंद्राने २००५ मध्ये ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभवच समोर होता.

शिक्षक-वाचकाला तर याहून जवळचे उदाहरण आहे. अनुदानित शाळा वा महाविद्यालय कोणाच्या मालकीचे? खाजगी शिक्षणसंस्थेचे. वेतन कोणाच्या तिजोरीतून? राज्याच्या. संस्था संस्थाचालकांची राहिली, पण शिक्षकाचा पगार, त्याची वेतनश्रेणी, त्याचे सेवानियम आणि विद्यार्थ्याची माफक फी ही सार्वजनिक बाब झाली. ही सामाजिक लोकशाहीची जवळजवळ पाठ्यपुस्तकी मांडणी आहे. १९८० नंतरच्या दशकांत 'विनाअनुदान' हा शब्द आला, तेव्हा मालकीत काहीच बदलले नाही. बदलली ती सार्वजनिक जबाबदारी. तासिका तत्त्वावर राबणारा पदव्युत्तर तरुण आणि भरमसाट फी भरणारा पालक हे त्या बदलाचे दोन चेहरे. 'समाजवाद संपला' या जयघोषात नेमके काय संपले, हे त्यांना विचारावे.

येथे समाजवाद्यांचा आक्षेप प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. ते म्हणतात, मालकी मालकाकडेच ठेवलीत तर सत्ताही त्याच्याकडेच राहणार. आज त्याने दिलेला कर तो उद्या कमी करून घेईल आणि हक्काचा कायदा कपाटात पडून राहील. हा आक्षेप निराधार नाही. रोजगार हमीच्या नावाने जमलेले कर कित्येक वर्षी त्या योजनेवर पूर्णपणे खर्च झालेच नाहीत. मजूर विखुरलेला, असंघटित. त्याच्या वाट्याचा पैसा अन्यत्र वळला तरी विचारणार कोण? संघटित कामगार व सजग करदाता यांच्याविना सामाजिक लोकशाही उभी राहत नाही.

परंतु मालकी बदलली म्हणजे सत्ता कामगाराकडे येते, हेही नागपूरच्या अनुभवाला धरून नाही. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यात आली आणि २००२ मध्ये बंद पडली. आजारी गिरणी सरकारने चालविणे हा समाजवाद नव्हे. ती मालकाच्या तोट्याची सार्वजनिक सोय होती. त्या गिरणीच्या कामगाराला बेकारीच्या काळात निर्वाह, नव्या कामाचे शिक्षण, मुलांच्या शाळेची शाश्वती असती, तर एक गिरणी बंद पडल्याने एक वस्ती उद्ध्वस्त झाली नसती. कापसाचेही तेच. एकाधिकार गेला, पण त्याच्या जागी भावाची, पिकाच्या विम्याची, पतपुरवठ्याची भक्कम हमी आली नाही. २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनंतर पंतप्रधानांना ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर करावे लागले. समाजवाद मागे सरला आणि सामाजिक लोकशाही पुढे आली नाही. या दोहोंमधल्या मोकळ्या जागेत तो शेतकरी उभा होता.

आता शब्दाच्या राजकारणाकडे वळू. काँग्रेसने १९५५ मध्ये आवडी येथे 'समाजवादी समाजरचना' स्वीकारली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने 'समाजवादी' हा शब्द उद्देशिकेत आला. १९८९ पासून नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक राजकीय पक्षाला समाजवादाच्या तत्त्वावर निष्ठा व्यक्त करणे कायद्याने भाग आहे; म्हणजे मुक्त बाजाराचा पुरस्कर्ता पक्षही कागदोपत्री समाजवादीच! हा शब्द घटनेत घालण्याची सूचना प्रा. के. टी. शहा यांनी १५ नोव्हेंबर १९४८ रोजी मांडली, तेव्हा बाबासाहेबांनी ती नाकारली होती. आर्थिक व्यवस्था कोणती असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावे, आणि मार्गदर्शक तत्त्वांत आवश्यक ते आलेलेच आहे, हे त्यांचे म्हणणे. त्याच बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी अशी मागणी केली होती. एक भूमिका शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची, दुसरी मसुदा समितीच्या अध्यक्षाची. दोहोंत अंतर आहे. मात्र दोन्ही वेळी ते नुसत्या बिरुदावर समाधान मानीत नव्हते, कलमांची भाषा बोलत होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न दोनदा हाताळला. ५ तारखेला, मुंबईतील जुन्या इमारतींविषयीच्या महाराष्ट्राच्या कायद्यावरून निघालेल्या वादात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने म्हटले की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरत नाही. २५ तारखेला, उद्देशिकेतून 'समाजवादी' शब्द काढण्याची मागणी फेटाळताना, न्यायालयाने सांगितले की भारतीय संदर्भात त्याचा अर्थ कल्याणकारी राज्य व समान संधी असा आहे, खाजगी उद्योगाला त्यात मज्जाव नाही. दोन्ही निर्णय एकत्र वाचले तर निष्कर्ष उघड आहे: उद्देशिकेत अक्षरे समाजवादाची आहेत आणि न्यायालयाने त्यांना दिलेला अर्थ सामाजिक लोकशाहीचा आहे.

अर्थ असा ठरला तर त्याची किंमतही मोजली पाहिजे; आणि येथे पगारदार वाचकाने पुन्हा आपले वेतनपत्रक उघडावे. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने व्यवसाय करावर मर्यादा घातली आहे. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती वार्षिक २५० वरून २,५०० रुपये झाली आणि आजही तेवढीच आहे. परिणामी महिना बारा हजारांवर राबणारा कारखान्यातील पुरुष कामगार आणि दोन लाख घेणारा अधिकारी हे दोघेही सारखाच कर देतात. २०२३ पासून दरमहा २५,००० पर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना सूट मिळाली, हे योग्यच झाले; पण वरच्या टोकाला काहीच हललेले नाही. ज्या करातून वर्गावर्गांतील अंतर भरून काढावयाचे, तोच कर ऐपतीकडे डोळेझाक करतो. खाजगी कंपन्यांना नावे ठेवणे सोपे आहे. ही मर्यादा उठवावी आणि ज्याचे वेतन अधिक त्याने अधिक द्यावे, अशी मागणी वरिष्ठ वेतनश्रेणीतील प्राध्यापक व अधिकारी यांच्या संघटनांनी करणे कठीण आहे. परंतु सामाजिक लोकशाही हवी असेल तर तिची सुरुवात तेथूनच होते.

आणि म्हणूनच खात्यावर थेट जमा होणाऱ्या रकमांविषयीही तारतम्य हवे. गरीब घरातील स्त्रीच्या हाती पैसा पडणे ही वाईट गोष्ट नव्हे. तिला 'रेवडी' म्हणून हिणविणाऱ्यांनी प्रथम आपल्या सवलतींची यादी करावी. तथापि जी रक्कम निवडणुकीच्या तोंडावर सुरू होते आणि तिजोरीच्या सोयीने ज्यांची संख्या कमी-अधिक करता येते, ती देणगी असते, हक्क नव्हे. रोजगार हमीचा मजूर कायद्याचे पुस्तक दाखवून काम मागू शकत होता. तिच्यासाठी कर कोणी द्यावयाचा हेही कायद्यात उघड लिहिलेले होते. हे दोन्ही जेथे नाही, तेथे समाजवादही नाही आणि सामाजिक लोकशाहीही नाही.

यापुढे बाजार चौकातील सभेत कोणी 'समाजवाद' हा शब्द उच्चारला, मग तो शिवी म्हणून असो वा मंत्र म्हणून, तर श्रोत्यांतील शिक्षकाने, लिपिकाने, विद्यार्थ्याने उभे राहून तीन साधे प्रश्न विचारावेत. यात मालकी कोणाची बदलणार? यासाठी कर कोण देणार? आणि हे मिळाले नाही तर कोणत्या कायद्याने मागता येणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठोस असेल तर वक्ता समाजवाद बोलतो आहे. दुसऱ्या-तिसऱ्याचे असेल तर सामाजिक लोकशाही. तिन्ही प्रश्नांवर वक्त्याने विषय बदलला, तर श्रोत्यांनी काय समजावयाचे ते समजून घरी जावे.